भरलेले हात

मोटारसायकलच्या मागच्या चाकाला, डाव्या अंगाला, लोखंडी सळ्यांची एक जाळी बसवलेली असते. पनवेलच्या उरण नाक्यावर थोडा वेळ उभं राहिलं की अशा कितीतरी जाळ्या समोरून जातात, पण त्यांच्याकडे मुद्दाम कुणी बघत नाही. गॅरेजवाले तिला साडी गार्ड म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३ वा नियम सांगतो, की मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय टेकायला जागा हवी आणि मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, म्हणजे बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकणार नाहीत. जर्मनीत किंवा इटलीत आखलेली महागडी मोटारसायकल इथे विकायची असली तरी तिला ही सोय करावी लागते.

पदर किंवा ओढणी फिरत्या चाकात ओढली गेली तर काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या जाळीची किंमत सांगावी लागत नाही. बायकांच्या गरजेपायी एखाद्या वस्तूची घडण बदलल्याचं इतकं सर्वदूर पसरलेलं दुसरं उदाहरण आपल्या रस्त्यांवर मला सापडत नाही. पण या उदाहरणात बाई नेमकी कुठे आहे, तेही बघायला हवं. ती मागे बसली आहे. एका अंगाने, एक हात नवऱ्याच्या किंवा भावाच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने मांडीवरचं मूल किंवा भाजीची पिशवी धरून. जाळीने तिला मागच्या सीटवर सांभाळलं. तिला पुढच्या सीटवर आणण्याचं काम दुसऱ्याच गाड्यांनी केलं, आणि त्यातलं बरंचसं महाराष्ट्रात झालं.

१९७२ साली बजाजची चेतक आली. तिचा गिअर डाव्या मुठीत, क्लचसकट मनगटाने फिरवायचा. सुरू करायला किक. सकाळी गाडी रुसली की ती एका बाजूला कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि मग जोर लावून किक मारायची. साडी नेसून हे करून बघा. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना रस्त्यावर आणली. मूळ घडण पियाजिओ या इटालियन कंपनीच्या मोपेडची. लूनाला गिअर नव्हता, पायडल मारून ती सुरू व्हायची, पाय उंच टाकून बसावं लागत नव्हतं, आणि पडलीच तर एकट्या माणसाला उचलता येत होती. गावोगावच्या शिक्षिका, नर्स आणि ग्रामसेविका लूनावरून कामाला जाऊ लागल्या. पुढे १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू. गिअर नाहीच. पायाशी सपाट जागा, तिथे पिशवी ठेवता येते, दप्तर ठेवता येतं. आज पनवेलच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या मुलींच्या आणि बायकांच्या मागे या दोन गाड्यांचा इतिहास उभा आहे.

या दोन्ही गाड्या फक्त बायकांसाठी म्हणून विकल्या गेल्या नव्हत्या. लूना दूधवाल्याने घेतली, पोस्टातल्या कारकुनाने घेतली, निवृत्त मास्तरांनी घेतली. बाईला पुढे यायला ज्या अडचणी होत्या, किक, गिअर, वजन, उंच टांग, त्या एकेक काढून टाकल्या, आणि ती पुढे आली. सोबत म्हातारी माणसंही आली, गुडघेदुखीवालेही आले. बायकांसाठी रचना करायची म्हणजे रंग गुलाबी करायचा, आकार जरा लहान करायचा आणि किंमत जरा चढवायची, ही समजूत किती उथळ आहे ते इथे दिसतं. राज्य सरकारने २०२४ साली पिंक ई-रिक्षा योजना मंजूर केली. तिच्यात लक्ष द्यायची गोष्ट रंग नाही. गाडीच्या किमतीतला २० टक्के वाटा राज्याचा, ७० टक्के बँकेचं कर्ज आणि लाभार्थी बाईने स्वतःचे फक्त १० टक्के घालायचे, ही मांडणी महत्त्वाची. पुढचे प्रश्नही पैशाइतकेच मोठे आहेत. रिक्षा स्टँडवरच्या रांगेत तिला जागा कोण देतं? चार्जिंग होईपर्यंत ती कुठे बसते? रात्री गाडी कुठे लावते? गाडीचा रंग कोणताही असला तरी या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात.

मग बायकांच्या गरजेतून विचार करायचा म्हणजे नेमकं काय? माझ्या मते सगळ्यात कळीचा प्रश्न हा, की वस्तू किंवा सेवा आखणाऱ्याच्या मनात जो माणूस असतो, त्याच्या हातात काय असतं? बहुतेक वेळा काहीच नसतं. तो एकटा असतो, धडधाकट असतो, घरून निघून एकाच ठिकाणी जाणारा असतो, आणि त्याचे दोन्ही हात मोकळे असतात. बाईचे हात सहसा मोकळे नसतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. पावणेपाच तासांहून जास्त विरुद्ध दीड तास. हा वेळ चार भिंतींच्या आतच राहत नाही. तो तिच्याबरोबर बाहेर येतो, पिशवीच्या, डब्याच्या, मुलाच्या, सासूच्या औषधाच्या रूपाने. ऑफिसातून निघालेली बाई पाळणाघर, भाजीवाली, केमिस्ट आणि गिरणी करत घरी पोचते. पुरुषाच्या एका खेपेच्या जागी तिच्या चार छोट्या खेपा. तिकीट मात्र एका खेपेच्या हिशेबाने आखलेलं असतं.

मोकळ्या हातांच्या या काल्पनिक माणसाला माप म्हणून वापरण्याची सवय जगभर आहे. मोटारींच्या अपघात चाचण्यांत ज्या बाहुल्या बसवतात, त्यांतली सर्वांत जास्त वापरली गेलेली बाहुली सत्तरच्या दशकातल्या सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाची आहे, उंची साधारण १७५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की पट्टा बांधलेल्या चालकांत, तशाच प्रकारच्या धडकेत, स्त्रियांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ४७ टक्के जास्त असते. सरासरी स्त्रीच्या मापाची बाहुली स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने लोकांसमोर आणली ती २०२२ साली, म्हणजे पन्नासएक वर्षांनी. पुरुषाची बाहुली थोडी लहान करून भागत नाही. मानेची ताकद, ओटीपोटाची घडण, स्टिअरिंगपासून बसण्याचं अंतर, सगळंच वेगळं असतं.

आपल्या स्वयंपाकघरात मात्र एकदा उलट घडलं, आणि ते लवकर घडलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर जळाला. युरोपातलं ते यंत्र दूध आणि फळं घुसळण्यासाठी केलेलं. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुकी हळद आणि धणे हे त्याच्या मोटरला झेपणारच नव्हतं. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी भारतीय वाटणाला पुरी पडेल अशी मोटर आणि पाती बनवली, आणि त्यातून सुमीत मिक्सर जन्माला आला. पाटा-वरवंट्यावर रोजचं वाटण करणाऱ्या बाईचे खांदे आणि मनगटं त्या यंत्राने वाचवली. जिला वाटण वाटायचं होतं तिची तक्रार आणि ज्याला मोटर कळत होती त्याचं कौशल्य एकाच घरात होतं, म्हणून हे जमलं. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत या दोन माणसांची भेटच होत नाही.

पनवेलमध्ये ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट दिसते ती लोकलमध्ये. पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ४९ किलोमीटर, आणि हार्बरच्या लोकलला साधारण ऐंशी मिनिटं लागतात. जाऊन-येऊन दिवसातले पावणेतीन तास. गाडीत बायकांसाठी राखीव जागा ही कुणाची मेहेरबानी नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यातच तशी तरतूद होती, आणि सध्याच्या १९८९ च्या कायद्याचं ५८ वं कलमही प्रत्येक प्रवासी गाडीत एक भाग फक्त स्त्रियांसाठी ठेवायला सांगतं. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अख्खी महिला विशेष गाडी सुरू केली. नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या एका डब्यात मावेनाशी झाली होती.

रेल्वेने डबा दिला, पण त्या डब्यातली सेवा बायकांनी स्वतः घडवली. पनवेलहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते, पुढे खांदेश्वर, मानसरोवरपासून गर्दी चढत जाते. नवीन चढलेली बाई बसलेल्यांना रांगेने विचारत जाते, "कुठे?" कुणी म्हणतं नेरुळ, कुणी वाशी, कुणी कुर्ला. "मग नेरुळची मला द्या हं, ताई." एवढ्यावर सीट ठरते. नेरुळ येण्याआधी ती बाई उठते आणि ठरलेल्या बाईकडे बघते. मध्ये दुसरी कुणी घुसली तर आजूबाजूच्या सगळ्या साक्षीला येतात. ज्यांच्या पायांना आराम हवा त्यांना निदान अर्धा प्रवास बसून करता यावा, अशी ही वाटणी. हे कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही, तरी पन्नास किलोमीटरच्या मार्गावर रोज पाळलं जातं. संध्याकाळच्या गाडीत मेथी निवडली जाते, गवार मोडली जाते, वाटाणे सोलले जातात. घरी पोचल्यावरचं अर्ध्या तासाचं काम वाशीच्या पुलाआधीच हातावेगळं होतं. मकरसंक्रांतीनंतर डब्यातच हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवण होतं. हे पाहून कौतुक वाटतं, पण कौतुकावर थांबू नये. भाजी निवडायला प्रवासाचा वेळ वापरावा लागतो, यावरून ज्या कामाचा वेळ सर्वेक्षणात मोजला जातो ते काम कुठे कुठे शिरतं, ते कळतं.

डब्याच्या घडणीत मात्र अजून पुरुषाचं माप आहे. भारतीय बाईची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, पुरुषाची १६५ च्या आसपास. पाच इंचांचा फरक. छताला लटकणारी कडी आणि सामानाची फळी ज्या उंचीवर सोयीची वाटते, तिथे पोचायला बाईला टाचा उंचवाव्या लागतात. गाडी हिसका देते तेव्हा जिचा हात कडीला पोचत नाही ती शेजारणीच्या दंडाला धरते. पिशवी फळीवर टाकता येत नाही, म्हणून ती पायांत राहते, आणि पायांतल्या पिशवीमुळे उभं राहायला जागा कमी होते. खाली आणखी एक आडवा दांडा, ठरावीक अंतरावर उभे खांब आणि बाकाखाली पिशवी सरकवण्याइतकी मोकळी जागा एवढ्यावर यातला बराच त्रास मिटेल.

स्टेशनातून बाहेर पडलं की शहर सुरू होतं. पनवेलच्या आजूबाजूचं शहर, म्हणजे नवीन पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोली, हे सिडकोने आखलेलं. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची, पण खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना त्याआधी १९६५ साली मार्ग नियतकालिकात तिघांनी मांडली होती: चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता. प्रवीणाबाई वास्तुरचनाकार होत्या. या शहराच्या कल्पनेच्या मुळाशी एका स्त्रीचं डोकं होतं, ही गोष्ट इथल्या शाळांतून सांगायला हवी. शहर उभं राहिलं ते रुंद रस्त्यांचं, मोठमोठ्या स्टेशनांचं, सेक्टरांत वाटलेलं. दिवसा हे मोकळेपण सुखाचं वाटतं. रात्री साडेनऊला रिकाम्या भुयारी वाटेतून एकट्या बाईला चालायचं असतं तेव्हा तेच मोकळेपण अंगावर येतं. तिथे भेळेची गाडी, फुलवाली, चहाची टपरी असली की पावलं सैल पडतात. फेरीवाला हटवताना शहराची एक सेवाही हटते, हा हिशेब कुठल्याच फायलीत मांडलेला नसतो.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांचा सार्वजनिक जागेतला वावर अभ्यासून २०११ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण माझ्या मनात कायमचं घर करून आहे. बाहेर उभ्या असलेल्या बाईला आपल्याला काहीतरी काम आहे असं सतत दाखवावं लागतं. ती पिशवी धरते, फोन कानाला लावते, वाट बघत असल्यासारखी घड्याळ बघते. पुरुष नाक्यावर नुसता उभा राहू शकतो. म्हणजे बाईचे हात कामाने भरलेले असतात, आणि काम नसेल तेव्हाही ते भरलेले दाखवावे लागतात.

ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराने हा प्रश्न नव्वदच्या दशकात गांभीर्याने घेतला. एव्हा काइल यांच्या पुढाकाराने तिथल्या पालिकेने रोज कोण कुठून कुठे, काय घेऊन जातं याची विचारपूस केली आणि फुटपाथ, दिवे, उतार, बसायच्या जागा बदलल्या. बागांची पाहणी केली तेव्हा दिसलं, की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागेत येणंच बंद करतात, कारण मधलं एकुलतं मैदान मुलं व्यापून टाकतात. पालिकेने काही बागांमधल्या मोठ्या मोकळ्या जागेचे छोटे भाग केले, पायवाटा वाढवल्या, आणि मुली परत आल्या. पनवेलच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी सहा वाजता किती मुली खेळताहेत ते मोजलं तर महापालिकेला कामाची माहिती मिळेल. या मोजणीला खर्च येत नाही.

आता ज्या विषयावर बायका आपसात बोलतात आणि चारचौघांत गप्प राहतात, त्याकडे येते. पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकणात उतरतो आणि पार कन्याकुमारीपर्यंत जातो. गणपतीत या रस्त्यावर लाखो माणसं निघतात. पुरुष कुठेही गाडी थांबवतो. बाई आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिते. मुंबईत २०११ साली अनेक संस्थांनी मिळून राइट टू पी ही मोहीम सुरू केली, त्यात कोरो ही संस्था आणि मुमताज शेख यांच्यासारख्या कार्यकर्त्या पुढे होत्या. त्यांनी दाखवून दिलं, की सार्वजनिक ठिकाणी पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत आणि बायकांना पडतात. कारण घडणीत होतं. पुरुषांची मुतारी वेगळी, उघडी, कमी जागेची. बायकांसाठी सगळीकडे संडासच, म्हणून संडासाचा दर. मुमताज शेख यांचं नाव २०१५ साली बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आलं.

स्वच्छतागृह बांधलं म्हणजे काम झालं असं नाही. आत गेल्यावर पर्स कुठे ठेवायची? ओल्या जमिनीवर नाही ठेवता येत. दारामागे एक खुंटी नसेल तर पर्स दातांत, साडी एका हातात, आणि सोबत तीन वर्षांची मुलगी असेल तर तिचा हात दुसऱ्या हातात. कडी लागत नसेल तर दार धरायला तिसरा हात हवा. दहा-वीस रुपयांची खुंटी! ती विसरली जाते, कारण आराखडा काढणाऱ्याच्या हातात पर्स नसते. रांगेचंही तसंच. बाईला आत जास्त वेळ लागतो, कपड्यांमुळे, पाळीमुळे, सोबतच्या मुलांमुळे. म्हणून सारख्याच आकाराची जागा दोघांना देणं म्हणजे बाईला कमी देणं. पुण्यात राजीव खेर आणि उल्का सादळकर यांनी २०१६ पासून पीएमपीच्या मोडीत काढलेल्या बसगाड्यांची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली, त्यांचं नाव 'ती'. आत बाळाला पाजायची जागा, पॅड मिळण्याची सोय, आणि दिवसभर तिथे थांबणारी एक बाई. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. माणूस हजर असलं की कडी तुटली तर कळतं आणि पाणी संपलं तर कळतं.

बायकांची गरज असं म्हणताना एक धोका आहे. आपल्या डोळ्यांसमोर एकच बाई येते, बहुधा नोकरीवाली, पासधारक. पनवेलच्या बाजारात पावसाळा तोंडावर आला की माळडुंगे, धोदाणीकडच्या वाड्यांवरून ठाकूर आणि कातकरी बायका डोक्यावर पाटी घेऊन येतात. पाटीत शेवळं, सोबत काकडाची फळं, पुढे टाकळा, भारंगी, कंटोळी. पहाटे निघायचं, माल विकेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसायचं, शेवटची गाडी चुकायच्या आत परतायचं. तिला बसायला सावली, पाटी उतरवायला हात आणि हटवलं जाणार नाही अशी जागा हवी. फेरीवाल्यांच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेते असायला हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. हे कलम वापरलं तर त्या बायकांची गरज कुणाला तर्काने ओळखावी लागणार नाही. त्या स्वतः सांगतील.

कोळणीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मासळीची पाटी घेऊन तिला बायकांच्या डब्यात चढता येत नाही. ती मालडब्यात जाते, जिथे बहुतेक पुरुष असतात. गाडीतल्या सगळ्या बायकांत जिचे हात सर्वांत जास्त भरलेले, तिच्यासाठी बायकांचा डबा नाही. मालडब्याचा एक भाग पाटीवाल्या बायकांसाठी, धुता येईल अशा जमिनीचा, हे काही अशक्यप्राय नाही.

शेतीतही हाच प्रश्न आहे, पण तिथे एक चांगलं उत्तर कोकणातच सापडलं. पनवेल तालुक्यात भातशेती आटत चालली, तरी जिथे आहे तिथे लावणी आणि कापणीचं पुष्कळसं काम बायका करतात. साधा विळा जड, पुन्हा पुन्हा धार लावावी लागणारा. धार कमी झाली की झटके मारून कापायचं, आणि दिवसाअखेर मनगट सुजायचं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने वैभव विळा तयार केला. तो हलका, पात्याला करवतीसारखे दाते, सारखी धार लावायला नको. झटका न मारता ओढून कापता येतं. कृषी संशोधनात बायकांच्या कष्टांचा वेगळा विचार करण्यासाठी भुवनेश्वरला एक केंद्रीय संस्थाच आहे. तिथलं तत्त्वही साधं आहे: बाईची मूठ लहान, तर मुठीचा घेर लहान हवा. एवढी साधी गोष्ट अवजारं बनवणाऱ्यांच्या ध्यानात यायला फार वर्षं गेली.

सेवा कशी आखावी याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं आहे. दुष्काळी माण तालुका. तिथे चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि अधिकाऱ्यांसमोर गेल्या. आम्हाला लिहिता येत नसेल, पण व्याज तोंडी मोजून दाखवतो, तुमचे लोक यंत्रावर मोजू देत, असं त्यांचं म्हणणं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं. मजुरी करणारी बाई बँकेत आली तर तिचा दिवसाचा रोज बुडतो. मग बँकच तिच्या दारात आणि बाजारात जाऊ लागली. पासबुक घरी ठेवलं तर नवऱ्याला शिल्लक कळते आणि पैसे मागितले जातात, असं बायकांनी सांगितलं. तेव्हा त्यांना घरी पासबुक ठेवावं लागू नये अशी कार्डाची सोय केली गेली. आठवडी बाजारात बसणाऱ्या बाईला पहाटे माल घ्यायला रोख लागते आणि संध्याकाळी तिच्याकडे परत रोख येते. महिन्याच्या हप्त्याचं कर्ज तिच्या कामाचं नाही. तिला बाजाराच्या चालीने फिरणारी उचल हवी, आणि बँकेने तशी दिली. यातली एकही गोष्ट बँकिंगच्या पाठ्यपुस्तकातून आली नाही. पासबुकाबद्दलचं म्हणणं तर कुठल्याही छापील प्रश्नावलीत उमटलं नसतं. ते सांगायला समोर विश्वासाची बाई लागते आणि आजूबाजूला घरचं कुणी असून चालत नाही. सर्वेक्षणाला आलेला तरुण ओसरीवर बसून, सासऱ्यांच्या देखत, सुनेला प्रश्न विचारतो तेव्हा त्याला मिळणारी उत्तरं सासऱ्यांची असतात.

आणि तरीही, वापरणाऱ्या बाईला विचारून भागत नाही. सॅनिटरी पॅडचं बघा. ८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत पाकीट. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला. दोन्ही निर्णय चांगले होते. पण पॅडचा प्रवास वापरणारीपाशी संपत नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि स्वच्छ या संस्थांच्या बायका घरोघरचा कचरा गोळा करून हाताने निवडतात. कुणाच्या तरी घरातलं वापरलेलं, न गुंडाळलेलं पॅड त्यांच्या हाताला लागतं. उत्पादकांनी बाजारात आणलेल्या वस्तूच्या रचनेत ही दुसरी बाई कुठेच नव्हती. २०१३ साली स्वच्छच्या बायकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या थेट बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिल्या. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली: पॅडमध्ये पुनर्वापर होईल असं साहित्य वापरता येतं का ते बघा, नाहीतर प्रत्येक पॅडबरोबर गुंडाळायला वेष्टन द्या. त्याआधीपासूनच कचरावेचक बायका जुन्या वर्तमानपत्रांच्या, दोरी लावलेल्या पिशव्या बनवून विकत होत्या. पुढे पुण्यात लाल ठिपक्याची मोहीम झाली. पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळायचं आणि वर मोठा लाल ठिपका काढायचा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला पुडी उघडावी लागत नाही. अशी पुडी बांधायला एक मिनिटही लागत नाही, आणि पनवेल, खारघर, कामोठ्यातल्या घरांतही ती आजपासून बांधता येईल.